पुढचं डावं चाक

मुखरूबाबूजींच्या वर्षश्राद्धाचे वडे अजून डब्यात होते, अंगणातला मांडव निम्माच सोडून झाला होता, आणि लच्छूने निकेशकडे टिप्परची चावी मागितली. मागितली म्हणजे नुसता हात पुढे केला. तरुणपणी वडशाच्या नाटक कंपन्यांत त्याने खलनायक रंगवले होते. पुढे धानाच्या व्यापारात पडून त्याचं पोट सुटलं, पण हात पुढे करायची ती ढब काही सुटली नव्हती. निकेशने खिशातून चावी काढून त्या हातावर ठेवली. मग मान खाली घातली.

अन्नपूर्णा पडवीत उरलेल्या पत्रावळ्या बांधत बसली होती. तिला चावी घेणाऱ्या दिरापेक्षा ती देणाऱ्या जावयाचाच राग आला. बोलावं की माणसाने काही! हाताला पट्टी, कपाळावर टेंगूळ, आणि वर ही खाली घातलेली मान. दाराला टेकून तिची लेक दिव्यानी उभी होती आणि तिचं नाक लाल झालं होतं. या पोरीचं लहानपणापासून असंच. रडू यायच्या आधी नाक लाल व्हायचं आणि मग रडायचं सोडून ती भांडायला लागायची.

"काका, चावी कायले घेतली तुमी?"

"विकाले नाई घेतली, बाई. सांभाळाले घेतली," लच्छू म्हणाला. "टिप्पर माह्या नावावर आहे. उद्या रस्त्यावर कोणी मेलं असतं तं पोलीस माह्या दारात आले असते. आजपासून जवाईबापू दुसरं काम पाहतील. डायवर मी आणतो."

"पण याईची चूक आहे हे कोणं सांगितलं?"

"लोकाईनं पाह्यलं ना. भर उतारात गाडी उलट्या बाजूले. मोहाचे दिवस आहेत. लोकं काय बोलून राह्यले ते मी माह्या तोंडानं नाई सांगत."

त्याने सांगायची गरजही नव्हती. एटापल्लीपासून आलापल्लीपर्यंत चहाच्या टपरीवर तेच चाललं होतं. सूरजागडचं लोहखनिज भरून निकेश येत होता. जंगलातल्या उतारावर समोरून मोटरसायकल आली म्हणून त्याने ब्रेक दाबला, तर टिप्पर सरळ थांबायचा सोडून उजवीकडे ओढला गेला. मोटरसायकलवर बिरजू आणि मागे त्याची बायको बुधरी, तिच्या मांडीवर मोहफुलांची टोपली. निकेशने ब्रेक सोडला, रस्ता ओलांडून गाडी सरळ पलीकडच्या धानाच्या रिकाम्या बांधीत घातली आणि ती मातीच्या धुऱ्यावर आदळून थांबली. मोटरसायकल घसरली. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण मोहफुलं रस्ताभर सांडली, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली चिरडली, आणि त्या उग्र वासात लोक जमले. वास दारू गाळतात त्या मोहाचा, समोर ड्रायव्हर डोकं आपटून झोकांड्या खाणारा. लोकांनी दोन्हींची सांगड घातली आणि घरी गेले. निकेश आयुष्यात दारूला शिवला नव्हता, पण हे त्या वासाला कोण सांगणार?

अन्नपूर्णेने पत्रावळ्या बाजूला सारल्या.

"तं मंग चाक उघडून पाहा ना," ती म्हणाली.

दोघे भाऊ एकदम तिच्याकडे वळले. मोठा डोमा, तिचा नवरा, मांडवाची दोरी गुंडाळत होता. आष्टीपासून एटापल्लीपर्यंत 'ब्रेकवाला डोमा' म्हणून ज्याला ड्रायव्हर ओळखायचे, तो हाच. बांधीतून ओढून आणलेला टिप्पर श्राद्धाच्या धामधुमीत शेडमध्ये तसाच उभा होता. डोमाने त्याला हात लावला नव्हता. पाहुण्यांचं निमित्त होतं खरं, पण अन्नपूर्णेला नवरा चांगलाच ठाऊक होता. तो घाबरला होता.

"उघडू," डोमा म्हणाला. "घाई काय आहे? पाहुणे जाऊ दे."

"पाहुणा मीच ना?" लच्छू हसला. "उघड ना दादा. मले बी पाहू दे. का भेव वाटते?"

यावर डोमाला दोरी खाली ठेवणं भागच पडलं.

अंगणापलीकडे शेड. दारावर 'मुखरू ब्रेक वर्क्स' अशी पाटी. घुग्घुसला कोळशाच्या ट्रकांचे ब्रेक दुरुस्त करत म्हाताऱ्याने, अन्नपूर्णेच्या सासऱ्याने, धंदा उभा केला, आणि इकडे खनिजाची वाहतूक सुरू झाल्यावर सगळं बिऱ्हाड उचलून आलापल्लीच्या रस्त्याला आणलं. येताना कडुनिंबाखालचा मारुतीसुद्धा गोणपाटात बांधून आणला. तो आता इथल्या कडुनिंबाखाली होता, शेंदराने इतका थापलेला की नाक कुठे नि गदा कुठे हे त्याचं त्यालाच ठाऊक. शेडमध्ये बायकांनी पाय ठेवायचा नाही हा म्हाताऱ्याचा नियम. पदर आणि फिरतं चाक यांची गाठ नको, एवढंच त्याचं कारण होतं आणि ते खरंही होतं. म्हणून बायकांनी त्या घरात सगळा धंदा स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला.

अन्नपूर्णेचा जीव त्या दारात कायम अर्धवट राहिलेला. बंद वस्तू दिसली की ती आतून कशी आहे हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने सासऱ्याचा रेडिओ उघडून ठेवला होता. म्हातारा रागावला नाही, पोट धरून हसला, पण शेडचा नियम काही सैल केला नाही. आज तिने पदर कमरेला घट्ट खोचला आणि उंबरा ओलांडला. डोमाने पाहिलं आणि वाट दिली. मागून दिव्यानीही आली.

पडवीत कलाबाई, अन्नपूर्णेची सासू, जिला पोरंही बाईच म्हणत, चिंचा फोडत बसली होती. तिने मान वर करून एवढी वरात शेडमध्ये जाताना पाहिली आणि पुन्हा चिंचेवर दगड घातला.

डोमाने मागच्या चाकापासून सुरुवात केली. चाकाखाली लाकडी ठोकळे सारले, जॅक लावला. निकेशने पट्टीचा हात सांभाळत नट सोडवले. लच्छू प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बोटात चावी फिरवत होता.

"मी सांगू काय निघते ते?" तो म्हणाला. "उतारावर गाडी गिअरमधी नाई उतरवली यानं. ब्रेकवर पाय ठेवून उतरवली. ड्रम तापले अन् ब्रेक गेला. माह्या टिप्परचे चारी ड्रम जळून बसले असतील."

चाक निघालं, मग मोठ्या घमेल्यासारखा लोखंडी ड्रम निघाला. आत दोन अर्धचंद्र समोरासमोर बसलेले, आणि त्यांच्या पाठीवर जाड करड्या पट्ट्या.

"हे काय होय?" अन्नपूर्णेने विचारलं.

"शू म्हणते त्याले. वरची पट्टी ते लायनर. ड्रम चाकासंगं फिरते. पाय दाबला का हवा येते, हे दोन्ही शू फाकते अन् आतून ड्रमले चिपकते."

"म्हणजे चाक बाहेरून नाई थांबत? आतून थांबते?"

"आतूनच थांबते," डोमा म्हणाला, आणि बायकोला आपला धंदा समजावून सांगण्यात काहीतरी सुख आहे हे त्याला इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच कळल्यासारखं दिसलं. त्याने ड्रम उजेडात धरला. "पाह्य लच्छू. तापला असता तं निळा पडला असता. बारीक चिरा गेल्या असत्या. हा तं कोरा आहे. पोराच्या पायाची काई चूक नाई."

दिव्यानी काकाकडे अशी पाहू लागली की त्याने खुर्ची थोडी मागे घेतली.

"मंग ब्रेक काऊन गेला?"

"गेलाच नाई ब्रेक," निकेश पहिल्यांदा बोलला. "ब्रेक लागला, काका. पण गाडी उजवीकडे गेली. त्याच्या आधी दोन-तीन खेपा तसंच करून राह्यली होती. मी मामाजीले फोनवर सांगतलं बी होतं."

 डोमा नटांचा डबा उगाच हलवत राहिला.

"सांगतलं होतं," तो शेवटी म्हणाला. "लायनर नवा आहे, बसाले येळ लागते, असं मीच म्हटलं त्याले. बाबूजीच्या श्राद्धाची घाई होती."

त्याला कसली भीती होती ते आता कळलं. अन्नपूर्णेला नवऱ्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. लच्छूने मात्र खुर्चीत पाठ ताठ केली. पुतणजावई हातचा गेला तरी मोठा भाऊ सापडत होता.

"वा रे ब्रेकवाला!"

"लायनर तूच पाठवला नागपूरहून," डोमाचा आवाज चढला. "नवीनच कंपनीचा. मी म्हटलं होतं का नाई, आपला नेहमीचाच पाठव म्हून? माल खराब असला तं माणूस काय करन?"

"माहा माल खराब?"

"पुढचं उजवं चाक उघडा," अन्नपूर्णा मध्येच म्हणाली. "भांडण चाक उघडल्यावर करा."

पुढचं उजवं चाक उघडलं. लायनर सगळीकडून सारखा झिजलेला, हाताला खरबरीत लागणारा. डोमाने त्यावर अंगठा फिरवला, आणि न आवडणाऱ्या माणसाची खरी गोष्ट कबूल करावी तशी मान हलवली. माल चांगला होता. लच्छू उठून उभा राहिला आणि शेडभर फेरी मारली. प्रेक्षक तेवढे कमी पडले.

पुढच्या दोन चाकांपैकी उरलं डावं. त्याचा ड्रम निघाला तेव्हा कोणी काही बोलण्याआधीच अन्नपूर्णेला फरक दिसला. इथला लायनर चकाकत होता. पॉलिश केलेल्या फरशीसारखा गुळगुळीत आणि काळा.

"हात लावू का?"

"लाव."

तिचं बोट त्यावरून सरकून गेलं, अडखळलंच नाही. डोमा खाली बसला. "हाच चोर," तो हळूच म्हणाला. "उजव्या चाकानं पकडलं, डाव्यानं पकडलंच नाई. म्हून गाडी उजवीकडे ओढली गेली. यानं तेल पेलं आहे."

"तेल पेलं म्हणजे तुह्या हबचं सील गळलं!" लच्छू त्याच्या खांद्यावरून वाकला. "ग्रीस उतरलं लायनरवर. कोणं बसवलं होतं सील? तूच ना? बोल आता."

 हबमागे, चाकाच्या मधल्या तुंब्यामागे, बोट घालून डोमाने ग्रीस अडवणारं सील चाचपलं आणि बोट बाहेर काढलं. कोरडं. निकेशने टॉर्च मारला. सील धडधाकट, एक थेंब कुठे ओघळ नाही. दोघांनी पुन्हा पाहिलं. लच्छूनेही गुडघे मोडत खाली बसून पाहिलं, बोट घालून पाहिलं, आणि कोरडं बोट शर्टाला पुसलं.

"मंग तेल आलं कुठून?" तो म्हणाला. त्याच्या आवाजातला नाटकी सूर गेला होता. त्यालाही आता खरंच जाणून घ्यायचं होतं.

 वर पत्रा तापून तडतडत होता. इतका वेळ एकमेकांच्या अंगावर जाणारी माणसं एका शूभोवती डोकी जुळवून बसली होती, आणि अन्नपूर्णेला ते दृश्य बरं वाटलं. तिने शू उचलून मांडीवर घेतला. जड होता. लायनरमध्ये तो शूला ठोकणाऱ्या रिवेटची, खिळ्यांची, खोल भोकं होती. ड्रम तिथपर्यंत घासत नाही, म्हणून तिथली घाण तशीच राहिलेली. ग्रीस असेल तर काळं असेल. तिने केसातली पिन काढली आणि एक भोक कोरलं.

पिनेच्या टोकाला केशरी निघालं.

तिने ते दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. करपलेल्या वासाखाली दुसरा एक वास होता, अगदी पुसट. चमेलीच्या तेलाचा. तो वास तिला रोज सकाळी यायचा, कडुनिंबाखालून.

अन्नपूर्णेने मूठ मिटली.

म्हातारा दरवेळी नवा लायनर बसवलेल्या शूंतली एक जोडी मारुतीपुढे ठेवायचा, वाटीत बोट बुडवून तिला शेंदूर लावायचा आणि मगच चाकात चढवायचा. तो गेल्यावर ती वाटी कलाबाईने घेतली. कोणी दिली नाही, कोणी अडवलं नाही. गेल्या महिन्यात निकेशच्या टिप्परची जोडी मारुतीपुढे आली तेव्हा म्हातारी बराच वेळ कडुनिंबाखाली बसून होती, हे अन्नपूर्णेने भाकरी थापताना पाहिलं होतं. नातजावई म्हातारीचा फार लाडका. येताना तिच्यासाठी तो रानमेवा आणायचा, कधी टेंभरं, कधी चारं.

सासूला वाचवायचं तर जावयावरचा डाग राहतो. जावयाचा डाग पुसायचा तर म्हातारीला कळतं की तिच्याच हाताने तो मरणाच्या दारात जाऊन आला.  बंद वस्तू उघडायची आपली खोड तिला पहिल्यांदाच नकोशी वाटली.

"काय निघालं वो वहिनी?" लच्छूने विचारलं.

तिने मूठ उघडली. तिने सांगायची गरज पडली नाही. डोमाने केशरी पाहिलं, मग कडुनिंबाकडे पाहिलं, आणि चकाकत्या लायनरवर पुन्हा अंगठा फिरवला.

"पण लायनरवर काई दिसलं नव्हतं मले. साफ होता."

दिव्यानीने ओठांवर हात ठेवला. "आजीनं पदरानं पुसलं होतं बाबा. मी पाह्यलं. ओघळून राह्यलं म्हणे, बरं नाई दिसत."

"काय होऊन राह्यलं रे तिथी?" पडवीतून आवाज आला. चिंचेचा दगड थांबला होता. "सगळेच्या सगळे मुके काऊन झाले?" आणि कलाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली, अंगण ओलांडून शेडच्या उंबऱ्याशी आली. आत मात्र आली नाही. नियम लावणारा भिंतीवर फोटोत होता आणि फोटोवरचा हार अजून ताजा होता.

"काई नाई, बाई," लच्छू पुढे झाला. "सील गळलं होतं. ग्रीस उतरलं. दादा बदलवून टाकते."

ज्याने सकाळपासून सील, ड्रम आणि जावई यांतलं काहीच सोडलं नव्हतं, तो आईसमोर असा उभा राहिला की तिला चाक दिसू नये. अन्नपूर्णेला दिराविषयी भरून आलं. पण तेवढ्यात निकेश बोलला.

"सील बी नाई, बाई. माहीच चूक होय. मी स्पीडमधी होतो."

म्हातारीने एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"दोघं बी खोटं बोलून राह्यले," ती म्हणाली. "एकाले नाटकाची सवय आहे, अन् एकाले नाटक जमतच नाई. अन्नपूर्णा, तू सांग."

अन्नपूर्णा शू उचलून उंबऱ्याशी गेली. "बाई," तिने विचारलं, "बाबूजी शेंदूर लावत होते, तो तुमी लावला का?"

"लावला ना. त्याईच्यापेक्षा जास्त लावला. ते एक बोट लावत, बाकीच्या गाड्याईले मी बी तेवढंच लावते. पण याच्या जोडीले मारुतीले लावते तसा पूर्ण लावला, दोन्हीले. पोरगं जंगलातून जाते, उताराच्या रस्त्यानं." कलाबाईचा चेहरा उजळला होता. मग तिने सगळ्यांची तोंडं पाहिली, आणि तो उजेड हळूहळू विझत गेला. तिने शू हातात घेतला. पिनेने कोरलेलं भोक तिला दिसलं. तिने त्याचा वास घेतला.

"हा तं माहा शेंदूर होय."

तिने शू डोमापुढे धरला.

"तेलानं ब्रेक लागत नाई का, डोमा?"

"नाई लागत, बाई."

"मंग त्याईच्या हातचं कसं लागत होतं? त्याईच्या शेंदरात बी तेलच होतं ना?"

आपल्यावर आलं असतानाही म्हातारीला हे जाणून घ्यायचं होतं, आणि त्या क्षणी अन्नपूर्णेला ती फार आपली वाटली. डोमा मागच्या भंगारात गेला. खडखडाट करत त्याने एक जुना गंजका शू शोधून आणला, म्हाताऱ्याच्या हातचा. तो उलटा करून त्याने आईपुढे धरला. मागच्या लोखंडी फासळीवर केशरी खपली होती. दरवेळी लायनर नवा बसला, शू तोच राहिला, आणि दरवेळी त्याच जागी एक बोट पडत गेलं, पापुद्र्यावर पापुद्रा. लायनरच्या बाजूला एक ठिपका नव्हता.

"इथी लावत होते. लोखंडाले."

कलाबाई त्या खपलीवर अंगठा फिरवत राहिली.

"मले तं त्याईची पाठच दिसे," ती म्हणाली. "चहा घेऊन दारात उभी राहो. वाटीत बोट बुडवते हे दिसे, वाकते हे दिसे. कुठी लावते ते पाठीमुळे कधी दिसलंच नाई. अन् इचारलं बी नाई मी. कायले इचारू? जन्मभर पाहून राह्यली होती ना."

डोमा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मी सांगाले पाहिजे होतं," तो भिंतीला म्हणाला.

म्हातारी रडली असती तर सगळ्यांना सोपं गेलं असतं. ती रडली नाही. तिने निकेशच्या हाताच्या पट्टीवरून बोटं फिरवली, कपाळाचं टेंगूळ चाचपलं, आणि डोमाला म्हणाली, "नवा लायनर चढव. मी आहे इथीच." आणि म्हाताऱ्याच्या फोटोकडे एकदा पाहून ती उंबरा ओलांडून आत आली, लच्छूच्या खुर्चीवर बसली. लच्छू चावी मुठीत धरून बाजूला उभा राहिला.

ऊन कलेपर्यंत काम चाललं. डोमाने ड्रम पुसून घासून कोरडा केला, नव्या लायनरवर रिवेट ठोकले. मध्ये कोणीतरी वडे आणले आणि सगळ्यांनी ते काळ्या हातांनीच खाल्ले. शू चढवायच्या आधी कलाबाईने वाटी मागवली. बोट बुडवलं आणि थांबली.

"कुठी?"

निकेशने तिचं मनगट धरून बोट लोखंडी फासळीवर नेलं. एक टिळा. बोटाला उरलेला शेंदूर तिने पदराला, दगडाला, कुठेही न पुसता नीट फडक्याला पुसला.

चाकं बसली, हवा भरली, आणि लच्छूने चावी काढली. ती निकेशला द्यावी तर सकाळी आपणच घेतलेली, म्हणून त्याने ती आईच्या हातात दिली. आईने ती निकेशला दिली आणि टिप्परच्या पायऱ्यांकडे चालू लागली.

"बाई, तुमी कुठी?" डोमा ओरडला. "ट्रायल घेऊन राह्यलो आमी!"

"म्हूनच तं जाऊन राह्यली. ब्रेक लागते का नाई हे त्याच्यासंगं मले बी समजू दे."

इतक्या गाड्यांच्या धंद्यात म्हातारी टिप्परमध्ये कधी बसली नव्हती. दिव्यानीने खालून रेटलं, निकेशने वरून ओढलं, आणि ती केबिनमध्ये बसली, पदर डोक्यावर घेऊन. शेडमागच्या कच्च्या रस्त्याला थोडा उतार होता. डोमा आणि लच्छू खाली एका बाजूला उभे राहिले, अन्नपूर्णा दुसऱ्या. टिप्पर वर गेला, वळला, आणि धूळ उडवत खाली येऊ लागला.  काचेतून म्हातारीच्या पदराची पांढरी चंदेरी कडा दिसत होती. हवेचा फुसकारा झाला. टिप्पर नाक खाली घालून जागच्या जागी उभा राहिला.

अन्नपूर्णा धावत मागे गेली. मातीत टायरच्या दोन रेघा उमटल्या होत्या, दोन्ही सारख्या लांब, दोन्ही सरळ. ती उकिडवी बसून पाहतच राहिली.

"ओढली का कुठी?" वरून कलाबाईने खिडकीतून डोकं काढून विचारलं.

"नाई बाई. सरळ थांबली."

"ते मोहवाले कोण्या गावचे होते, निकेश?"

निकेशने गाव सांगितलं. रस्ता एटापल्लीकडचाच.

"चाल मंग तिकडेच. अन्नपूर्णा, रिकामी टोपली दे घरातली, मोठी. अन् वडे टाक त्याच्यात."

"आता, बाई?" लच्छू पुढे आला. "मी जाऊन येतो ना उद्या. मी बोलतो त्याईच्यासंगं. तुमी कायले?"

"तू बोलशील तं ते नाटकच वाटन." कलाबाईने खिडकीची दांडी घट्ट धरली. "ती बुधरी तिथी सांगून राह्यली असन का डायवर पेला होता. तिले मी सांगते, पेला कोणी नव्हता. तेल मी पाजलं होतं."